हात व डोके बाहेर काढू नये

आमच्या उमापुरात निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो. यात ग्रहताऱ्यांचा काही हात नाही. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला पोराच्या जन्माची खूण सांगता यायची ती एवढीच, की तेव्हा मूग तोडणीला आला होता, नाहीतर बैलाचा पाय मोडला होता. मुगावरून तारीख कशी काढायची हे हेडमास्तरांना ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नसायचं. ते शांतपणे १ जून लिहायचे आणि पुढच्या पोराकडं वळायचे. पुढं कळलं की एसटीचा जन्मही १ जूनचाच. १९४८ साली त्या दिवशी पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. फरक इतकाच, की एसटीची तारीख खरी आहे.

ती पहिली गाडी नगरहून पुढं आमच्याकडं येणं मात्र शक्य नव्हतं. उमापूर गेवराई तालुक्यात, शेवगावच्या वाटेवर. पण त्या जूनमध्ये शेवगाव होतं मुंबई इलाख्यात आणि आम्ही मोगलाईत, म्हणजे निजामाकडं. आमची सुटका झाली सप्टेंबरात. यात कमीपणा मानायचं कारण नाही, कारण निजामाची सरकारी मोटार १९३२ च्या जूनपासूनच चालू होती, २७ गाड्या आणि १६६ नोकरांनिशी. म्हणजे सरकारी मोटारीच्या बाबतीत मोगलाई मुंबई इलाख्याच्या सोळा वर्षं पुढं होती. मराठवाड्याच्या अनुशेषावर इतकी भाषणं ऐकली, पण हा मुद्दा कुणी काढलेला ऐकला नाही. काढला तर अनुशेष कमी भरेल अशी भीती असावी. आमचे चुलते नाना मात्र या सगळ्यानं हुरळत नाहीत. त्या सत्तावीसातली एक तरी उमापूरच्या वाट्याला आली असेल, हे त्यांना पटत नाही.

नानांचा पोरगा पुण्यात खराडीला असतो. तो दर दोन-चार दिवसांनी संध्याकाळी फोन करतो आणि बापाला रस्ता सुरक्षेवर व्याख्यान देतो. नाना, जीपच्या टपावर बसत जाऊ नका. नाना, रात्रीचं मोटरसायकलवर कुणाच्या मागं बसू नका. नाना, तिकडच्या रस्त्याचा काही भरवसा नाही. नाना ऐकून घेतात. मग एकदा त्यांनी विचारलं, "आरं, तुझ्या फोनात हे हॉर्न कशाचे वाजायलेत?"

"काही नाही नाना, गाडीवर आहे. राँग साइडनं येतोय ना, म्हणून वाजवतात. यू-टर्न लई लांब आहे."

मोबाइल हेल्मेटमध्ये खोचलेला, समोरून अख्खा नगर रोड अंगावर येतोय, आणि तोंडी उपदेश टपावर न बसण्याचा! मी दोन्हीकडं पुष्कळ फिरलो आहे आणि माझं मत असं झालं आहे, की माणूस ज्या गाडीत बसतो तिची त्याला भीती वाटत नाही. भीती वाटते ती दुसऱ्याच्या गाडीची. उमापूरचा माणूस पुण्याच्या रस्त्याला भितो, पुण्याचा आमच्या जीपला भितो, आणि मुंबईच्या लोकलच्या दारात अर्धा बाहेर लटकणारा माणूस या दोघांनाही विचारतो, तुम्ही असा जीव धोक्यात का घालता?

आता आमच्या जीपबद्दल. हिला कागदोपत्री पासिंग असतं नऊ अधिक एकचं. यातला एक म्हणजे ड्रायव्हर. प्रत्यक्षात ड्रायव्हरच्या ओळीत ड्रायव्हर धरून पाचजण बसतात आणि मग ड्रायव्हरला जागा उरत नाही. तो अर्धा दारात बसतो. स्टिअरिंग येतं शेजारच्याच्या पोटासमोर आणि गिअरचा दांडा त्याच्या शेजारच्याच्या दोन पायांमध्ये. त्यामुळे घाट असो, वळण असो, गिअर टाकण्याआधी ड्रायव्हरला परवानगी घ्यावी लागते. "काका, जरा पाय." काका पाय घेतात. तिसरा पडतो. काका पाय परत सोडतात. मला तर वाटतं, मोटार चालवण्यात प्रवाशांचा इतका सहभाग लोकशाही असलेल्या दुसऱ्या कुठल्याच देशात नसेल. गेवराईच्या बाजाराला जाताना मधल्या बाकावर सहा, मागं समोरासमोर आठ, त्यांच्या मांडीवर लेकरं, पायाशी शेळी, आणि टपावर तरुण मंडळी. सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही, हा जीपचा पहिला नियम. दुसरा नियम असा, की सीट कधीच भरत नाही.

अशा जीपमध्ये नानांना मी कधी घाबरलेलं पाहिलं नाही. एकदा मी विचारलंही. ते म्हणाले, "घाबरायचं काय त्यात? पोरगं आपल्या वळखीचं हाय. त्याच्या बापाबरुबर मी एका वर्गात व्हतो."

यावर बोलणं संपतं. ब्रेक लागतात का, टायर गुळगुळीत झालेत का, लायसन आहे का, हे प्रश्न उमापुरात कुणी विचारत नाही. विचारायचा प्रश्न एकच: कुणाचा रं तू? उत्तर समाधानकारक असलं की गाडी सुरक्षित. आणि यात अगदीच तथ्य नाही असं मला म्हणवत नाही. ड्रायव्हरनं जरा जोरात पळवली तर मागून एखादी म्हातारी ओरडते, "सांगू का तुझ्या मायला?" आणि काटा खरोखर खाली येतो. हायवेवरच्या स्पीडगनला हे जमलेलं मी पाहिलेलं नाही.

एसटीत ओळखीचं इतकं चालत नाही, कारण तिथं सगळं लिहून ठेवलेलं असतं. 'हात व डोके बाहेर काढू नये' ही पाटी खिडकीपाशी असते. पण खिडकीतून हात आणि डोकं काढायचं नाही, तर एसटीला खिडकी ठेवलीच कशाला? उलटी, तंबाखूची पिंक, फाट्यावर उभ्या मेव्हण्याला हाक, भेळेचा पुडा, उसाचं टिपरू, सगळं तिथूनच होतं. जागा धरायलाही खिडकीच कामी येते. रुमाल टाकणं ही शहरी पद्धत झाली. रुमाल कुणीही उचलून बाजूला ठेवतं. आमच्याकडं खिडकीतून लेकरू आत सोडतात. लेकराला कोण उचलून बाजूला ठेवणार? मागच्या बाजूला 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असतो. बाजाराच्या दिवशी तो संकटकाळी आत शिरण्याचा मार्ग होतो. प्रथमोपचाराच्या पेटीत काय असतं याबद्दल गावात दोन मतं आहेत. आमदार-खासदारांसाठी राखीव आसन तर दर गाडीत असतं. त्यावर आजवर मी नवरीपासून कोंबड्यांच्या पाटीपर्यंत सगळं बसलेलं पाहिलं, म्हणजे लोकांचं प्रतिनिधित्व होतंच आहे.

एक गोष्ट मात्र मी कुठल्या मोठ्या शहरात पाहिली नाही. गाडी खच्चून भरली की कंडक्टर मागं पोचू शकत नाही. मग मागचा माणूस शंभराची नोट पुढं देतो. ती दहा-बारा अनोळखी हातांतून कंडक्टरपर्यंत जाते, आणि तिकीट व सुट्टे पैसे त्याच हातांतून परत येतात. मध्ये एखादा हात तंबाखू मळत असतो, तो तेवढ्यापुरता थांबतो. एक रुपया कमी झालेला मी ऐकला नाही. याच बसमध्ये उतरताना खिशातलं पाकीट जातं, ही गोष्ट वेगळी.

आमच्या घरच्या प्रवासाला खरी गती आली ती सवलतींनी. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट झाली. नानांच्या आधारवर १ जून १९४७ आहे. म्हणजे हेडमास्तरांनी लावलेली तारीख पंचाहत्तर वर्षांनी बरोबर वेळेवर फळाला आली. त्या दिवसापासून नाना घरात सापडत नाहीत. त्यांना पंढरपूर, तुळजापूर, माहूर, नाशिक असे दौरे लागले. त्यांच्या वयाचे इतर लोक, जे आजवर सोयरिकीत, मतदार यादीत आणि नाटकातल्या नायकाच्या कामासाठी वय लपवत आले, ते आता आधार कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात दिसेल असं ठेवतात. मग १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याचा परिणाम असा, की घरातली बाहेरची सगळी कामं बायकांकडं गेली. तहसीलात दाखला काढायचाय, बायकोला पाठव. बँकेत केवायसी करायचीय, बायकोला पाठव. पुरुष गेला तर पूर्ण भाडं लागतं. पुरुष आता पारावर बसून या सुधारणेबद्दल समाधान व्यक्त करतात. शंभर वर्षांच्या चळवळींनी बाईला घराबाहेर काढलं म्हणतात. उमापुरात ते काम हाफ तिकिटानं दोन महिन्यांत केलं.

रेल्वेचा मात्र आम्हाला काही अनुभव नाही. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे १९९५ साली मंजूर झाली आणि बीडला पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. मंजुरीच्या पेढ्यांवर वाढलेली पोरं आता टकली झाली आहेत. आणि ती गाडी आली तरी गेवराई तालुका वाटेत नाही. त्यामुळे रेल्वेच्या फाटकात अडकून मरायची भीती आम्हाला नाही, हा एक फायदा.

आम्हाला भीती असायला हवी ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती कुणालाच वाटत नाही. दिवाळी झाली, कारखान्यांचा गाळप हंगाम लागला की संध्याकाळनंतर रस्त्यावर उसाची ट्रॅक्टरं निघतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्हीकडून हातभर आलेला. मागं दिवा नाही, रेडियमची पट्टी होती ती चिखलानं गेलेली, नाहीतर उसाच्या वाढ्याखाली झाकलेली. दर वर्षी हंगामाच्या तोंडावर रेडियम लावा म्हणून सूचना निघतात, कारखान्यावर पोलीस येऊन पट्ट्या चिकटवतात, पेपरात फोटो येतो. फोटोत ट्रॅक्टर दिसतो. रस्त्यावर दिसत नाही. त्यावर ड्रायव्हर मंडळींनी एक उपाय काढला आहे. टेप एवढ्या मोठ्यानं लावायचा की अर्ध्या किलोमीटरवरून गाणं ऐकू यावं. आमच्याकडं रात्री गाडी चालवणारा माणूस रस्ता बघत नाही, ऐकतो. ढोलकीचा आवाज जवळ आला की ब्रेकवर पाय. ज्या ड्रायव्हरला झोप लागली किंवा ज्याचा टेप बिघडला, त्याच्या ट्रॉलीवर मागून जाऊन आदळणाऱ्याच्या बातमीत 'अंधारात अंदाज न आल्याने' असं लिहिलेलं असतं.

आणि याच दिवसांत उलट्या दिशेनं जाणारी दुसरी ट्रॅक्टरं असतात. त्यात ऊस नसतो, माणसं असतात. बीड जिल्ह्यातली लाखो माणसं कोयता घेऊन कारखान्यांच्या फडावर निघतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटक. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला. ट्रॉलीत तळाशी ज्वारीची पोती, त्यावर भांडी, त्यावर गोधड्या, त्यावर म्हातारी, बाळंतीण, शाळेतनं नाव न काढता निघालेली लेकरं, कोंबड्या, एखादं कुत्रं. रात्रभर, थंडीत, तीनशे-तीनशे किलोमीटर. यांना कुणी 'प्रवासी' म्हणत नाही. यांना तिकीट नसतं, म्हणून विमाही नसतो. आसन नसतं, म्हणून राखीवही नसतं. एसटीचं ब्रीद 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' असं आहे. बहुजन ट्रॉलीवर असतात. यावर मला विनोद सुचत नाही, म्हणून पुढं जातो.

अपघात झाला की दुसऱ्या दिवशी गावकरी रस्त्यावर ब्रेकर घालतात. त्याला मंजुरी, टेंडर, नारळ काही लागत नाही. मुरमाची ट्रॉली, चार दगड, झाला ब्रेकर. गावात एवढ्या वेगानं होणारं दुसरं बांधकाम नाही. इंडियन रोड्स काँग्रेसनं ब्रेकर कसा असावा हे ठरवून दिलेलं आहे: ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच. आमच्याकडं रुंदी आणि उंची यांची थोडी अदलाबदल झालेली असते. त्या ब्रेकरवर पहिल्या आठवड्यात दोघे-तिघे मोटरसायकलवाले उडून पडतात. मग त्यांच्या सोयीसाठी ब्रेकरच्या कडेनं, रस्ता सोडून, मातीतून एक वाट पडते. महिन्याभरात सगळी वाहतूक त्या वाटेनं जायला लागते आणि ब्रेकरवर म्हातारे बसायला लागतात.

तर अशा गावचे नाना आणि आत्या, एक फुकट आणि एक अर्ध्या तिकिटात, मागल्या उन्हाळ्यात पुण्याला निघाले. पूर्ण तिकीटवाला म्हणून मला बरोबर घेतलं. आत्या नानांची धाकटी बहीण. तिनं आयुष्यात बैलगाडी, जीप, ट्रॅक्टर, एसटी, एकदा वाळूचा हायवा आणि एकदा अॅम्ब्युलन्स एवढ्यांतून प्रवास केलेला आहे, आणि एकदाही ती घाबरलेली नाही. पण पुण्याला निघाल्यापासून तिनं पदराच्या गाठीत अंगारा बांधला होता.

"तिथं म्हणं माणसापरीस गाड्या जास्ती हायत," ती म्हणाली.

ही अफवा नव्हे. २०१८ च्या सुमारासच पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या माणसांच्या पुढं गेल्याची बातमी आली होती. म्हणजे दर डोई एकापेक्षा जास्त. पाळण्यातल्या पोराच्या नावावरही हिशोबानं एक गाडी येते. एवढ्या गाड्यांत पायी चालणाऱ्याचं काय होतं म्हणाल, तर पुणे महापालिका २०२१ पासून दर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर 'पादचारी दिन' साजरा करते. त्या दिवशी गाड्या बंद. रांगोळ्या, फुगे, कार्यक्रम. बैलाला पोळा तसा पादचाऱ्याला ११ डिसेंबर. एक दिवस पूजा करायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पराणी.

पुण्याच्या सुरक्षेचं दुसरं दैवत हेल्मेट. तिथं हेल्मेटसक्तीच्या विरोधात रीतसर कृती समिती आहे, हे मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांना पुण्याबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात पगडी घालणाऱ्या शीख माणसाला हेल्मेटची सूट आहे, हे ऐकल्यावर तर त्यांनी डोक्यावरचा पटका चाचपला आणि विचारलं, "हा नऊ वाराचा हाय. हेलमेट किती वाराचं असतंय?"

वाघोलीपासून पुढं नगर रोडवर गाडी थांबत थांबत चालली. पुण्यानं डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी आणली. बससाठी रस्त्याच्या मधोमध वेगळी मार्गिका, भारतात पहिली. तिच्यातून बसशिवाय सगळं जायचं. नगर रोडवरची बीआरटी तर बांधली आणि पुढं काढायलाही घेतली. नानांना हे सगळं ओळखीचं वाटलं. "आपल्या ब्रेकरगत केलं म्हणायचं," ते म्हणाले.

रामवाडीला पोरानं दोघांना हौसेनं मेट्रो दाखवायला नेलं. हा मार्ग मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत आला. फलाट लख्ख, दारं आपोआप उघडणारी, पुढचं स्टेशन कुठलं ते आधी सांगणारी बाई. पानाची एक पिंक कुठं नाही. अपघाताची शक्यता उमापूरच्या जीपच्या लाखाव्या हिश्श्यानंही नसेल. नाना दारातच थबकले.

"डायवर कुठंय?"

"पुढं आहे नाना, केबिनमध्ये. काच बंद असते."

"कुणाचा हाय?"

पोरगं गप्प झालं. पुणे मेट्रोच्या कुठल्याही माहितीपत्रकात हे दिलेलं नाही. नाना आत बसले, पण वनाज येईपर्यंत त्यांनी मधला खांब सोडला नाही. ज्या माणसानं टपावर उभं राहून बिडी पेटवलेली आहे, त्याचे हात मी थरथरताना पाहिले ते त्या एसी डब्यात. आत्यानं त्यांना अंगारा लावला.

उलटीही गंमत आहे. पोराच्या घरमालकानं आमचं स्वागत केलं, चहा दिला, आणि गाव विचारलं. बीड म्हणताच त्यांचा कप अर्ध्यावर थांबला. हल्ली पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव कशाकशासाठी येतं ते सांगायला नको. पण त्याचे फायदेही आहेत. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकायला मिळालं की मी मोबाइलवर मोठ्यानं 'मी बीडवरनं बोलतोय' म्हणतो. तिघेही सरकून घेतात. घरमालकांनी मात्र सरळ विचारलं, "तुमच्याकडे रात्री-अपरात्री फिरता येतं का हो?" आत्याला प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, "फिरता येतंय की. फकस्त ट्रॅक्टरचं गाणं आलं की कडंला सरायचं."

मुंबईतल्या काही गोष्टी मी तिला मुद्दाम सांगितल्या, जेणेकरून पुणं सुसह्य वाटावं. मुंबई पोलिसांनी काही सिग्नलना आवाज मोजायचं यंत्र लावून पाहिलं होतं. लाल दिव्यावर थांबलेल्यांनी फार हॉर्न वाजवले आणि आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. २०२० च्या सुरुवातीला त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. आत्याला ही शिक्षा फार आवडली. तिच्या सासरी सासूची पोळ्या परत लाटायला लावायची हीच पद्धत होती म्हणे. त्याच वर्षी दादरकडच्या सिग्नलवर रस्ता ओलांडणाऱ्या पुरुषाच्या चित्राऐवजी फ्रॉकमधल्या बाईचं चित्र लावलं, तेही सांगितलं. यावर तिनं शंका काढली. "बाई बघून गाड्या थांबायच्या व्हय? आमच्याकडं तर पळवत्यात."

तिसऱ्या दिवशी सकाळी देवदर्शनाला निघायचं होतं आणि स्टॉप रस्त्याच्या पलीकडं होता. खराडीचा नगर रोड ओलांडायचा म्हणजे काय हे ज्यांनी ओलांडला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना जमलं नाही ते अजून अलीकडंच असतील. झेब्रा पट्टे होते, पण त्यांच्यावर दुचाक्या उभ्या. पायी चालणाऱ्याचा हिरवा दिवा लागायचा, आम्ही एक पाऊल टाकायचो, डावीकडून रिक्षा यायची, आम्ही पाऊल मागं घ्यायचो, दिवा लाल. असं बराच वेळ चाललं. नाना म्हणाले घरी जाऊ, देव सगळीकडं असतो. पोरगं मोबाइलवर रिक्षा बोलवायला लागलं, रस्ता ओलांडण्यासाठी.

आत्यानं पदर खोचला, फूटपाथवरून खाली उतरली आणि हात वर केला. उमापूरच्या फाट्यावर एसटीला करतात तसा नेमका, तळवा उघडा, कोपर सरळ. समोरून एक सिटी बस येत होती. ती करकचून ब्रेक दाबत थांबली. तिच्यामागं टँकर थांबला, त्याच्यामागं कार, त्यांच्यामागं अख्खा नगर रोड. ड्रायव्हरनं खिडकीतून हात आणि डोकं बाहेर काढलं.

"आवं मावशी, स्टॉप म्होरं हाय! चढा आता लवकर!"

"मला नाही चढायचं बाबा," आत्या म्हणाली. "पलीकडं जायचंय. जराशी थांब."

ड्रायव्हर तिच्याकडं बघतच राहिला. बोलणं त्याच्या कानाला ओळखीचं लागलं असावं.

"कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

"उमापूर."

"गेवराईचं उमापूर? मी पाडळसिंगीचा की!"

आत्या रस्त्याच्या मधोमध थांबली. तिच्या चेहऱ्यावरची तीन दिवसांची काळजी गेली. तिनं तिथूनच आम्हाला हाक मारली, "या रं या, आपलाच पोरगा हाय." आणि बसच्या पुढ्यात उभी राहून त्याला विचारायला लागली, कुणाचा, माय कशी आहे, औंदा पाऊस कसा झाला, लग्न झालं का, पोरगी कुठली केली. तोही एकेक सांगत होता. नाना पटका सावरत आरामात येत होते. मागं हॉर्नचा असा काही गदारोळ उठला की मुंबईचं ते यंत्र असतं तर सिग्नल संध्याकाळपर्यंत लालच राहिला असता.

आत्यानं मान वळवून त्या रांगेकडं पाहिलं.

"का रं बाबा," तिनं ड्रायव्हरला विचारलं, "ह्या लोकांत कुणाचं लगीन हाय का आज?"